नावावरचा अंगठा

काकांच्या उजव्या हाताचा अंगठा कायम निळा असायचा. शाईपेन गळकं होतं आणि ते बदलायचं नाही असा त्यांचा हट्ट होता. मी दोनदा चांगलं पेन आणून दिलं. दोन्ही त्यांनी गल्लीतल्या दूधवाल्याच्या मुलीला देऊन टाकली, तिची बोर्डाची परीक्षा होती म्हणे. त्या निळ्या अंगठ्याला मी नऊ वर्षं जेवढी घाबरले, तेवढी डॉक्टरकीच्या तोंडी परीक्षेत कुठल्याही परीक्षकाला घाबरले नाही.

बनारसला मी आले ती नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे. मी साताऱ्याकडची. हिंदी येत होती ती सिनेमापुरती. दूधविनायकच्या गल्लीत एक मराठी डॉक्टर आहेत, वय झालंय, हाताखाली कोणीतरी हवंय, असं कळलं म्हणून विचारायला गेले. दवाखान्याच्या पायरीवर एक भलामोठा सांड ऐसपैस बसलेला. मी तिथेच थबकले. आतून आवाज आला, "ये, ये, त्याच्या बाजूने ये. तो पेशंट नाही, नुसता बसतो."

ते आमचे काका. मराठी घरांतून सगळे त्यांना काकाच म्हणायचे, बाकीच्यांचे ते डाक्टर बाबू. त्यांचं घराणं काशीत कितव्या पिढीपासून आहे हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. त्यांची मराठी माझ्या पणजीची असावी अशी जुनी, आणि मध्येच तिच्यात हिंदी मिसळलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "परेशान होऊ नकोस, डॉक्टरीणबाई. आराम से शीक. आपल्याला जल्दी नाही. पेशंटना असते, पण त्यांची तबियत खराब, ते कुठे जातात?"

पेशंट खरंच कुठे जायचे नाहीत. बाकावर तास-दीड तास बसून राहायचे. बायका मटार सोलायला घेऊन यायच्या. एक निवृत्त मास्तर तर घरचं वर्तमानपत्र आमच्याकडे आणून वाचायचे, कारण घरी म्हणे शांतता नाही. एवढा वेळ लागायचा त्याला कारण होती काकांची चिठ्ठी.

औषधाचा कागद वेगळा. तो मी लिहिला तरी त्यांची हरकत नसायची. चिठ्ठी म्हणजे त्या माणसाला काय झालंय, गोळी त्याने त्याच्या दिवसात कधी घ्यायची, त्याच्या घरात जे शिजतं त्यातलं काय खायचं आणि काय दिसलं की धावत यायचं, हे सगळं त्याच्याच बोलीत आणि एका पानात. पेशंट हिंदीवाला असेल तर हिंदीत, मराठी असेल तर मराठीत. वाचता न येणाऱ्याला छोटी चित्रं काढून द्यायचे. त्यांनी काढलेलं मूत्रपिंड वांग्यासारखं दिसायचं हे सांगायला माझी जीभ कधी धजली नाही.

चिठ्ठी मी लिहायची, ते तपासायचे. तपासण्याची रीत एकच. वर लिहिलेल्या नावावर तो निळा अंगठा ठेवायचा, चिठ्ठी माझ्यापुढे धरायची आणि विचारायचं, "सांग आता, कोणाची?" चिठ्ठीतल्या मजकुरावरून माणूस ओळखू आला पाहिजे. ती बाकावरच्या शेजारच्या माणसालाही लागू पडतेय असं वाटलं, की "ही तर कोणाचीही आहे," म्हणून टर्रकन फाडायचे. पेशंटच्या समोर! आधी मला फार राग यायचा. मी डॉक्टर होते, त्यांच्याकडे बाराखडी गिरवायला आले नव्हते. पास झालेली चिठ्ठी ते काही न बोलता पेशंटच्या हातात द्यायचे. बरी लिहिलीस, असं त्यांच्या तोंडून नऊ वर्षांत एकदाही निघालं नाही.

आणि गेल्या अश्विनात त्यांनी स्वतःची चिठ्ठी माझ्याकडे मागितली. ती मला जमली का, हेच मला सांगायचंय. पण काकांचं काहीही सांगायचं तर थोडं बाकावर बसावं लागतं, तशी तयारी ठेवा.

काकांच्या टेबलावर रक्तदाबाच्या यंत्राशेजारी पंचांग असायचं. 'कुठे दुखतंय?' हा त्यांचा चौथा प्रश्न. पहिला, काम काय करता. दुसरा, घरात स्वयंपाक कोण करतं. तिसरा, उपास कोणकोणते. या तिसऱ्या प्रश्नाला काशीत उत्तरं फार लांब येतात. एकादशी, प्रदोष, संकष्टी, सोमवार, शिवाय सासूने सोडलेला आणि सुनेने धरलेला एखादा. ते पंचांग उघडून सगळे टिपून घ्यायचे.

रामधनी नावाचा एक नावाडी होता. पहाटे प्रवाशांना नदीवर फिरवायचा. त्याचा रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले. आधीच्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यायला दिली होती, पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर. तो ती घेतच नव्हता, आणि विचारलं तर "भूल जाइत हई" म्हणून खाली बघायचा. मी त्याला रक्तदाबाचे धोके पंधरा मिनिटं समजावले, अर्धांगवायूपर्यंत गेले. काका माझं संपेपर्यंत थांबले, मग खुर्ची त्याच्याजवळ ओढून म्हणाले, "रामधनी, नाव में पेशाब लगे तो का करत हउवा?"

तो गडी इतका लाजला! मग हळूच बोलला. भर नदीत, नावेत बायाबापड्या बसलेल्या, अन् याला दर वीस मिनिटांनी किनारा गाठावा लागायचा. दोनदा सवारी गेली हातची, तेव्हापासून गोळी बंद. काकांनी चिठ्ठीत एवढंच लिहिलं की गोळी दहा वाजता, शेवटची सवारी उतरवून नाव बांधल्यावर. सत्तूत वरून मीठ नाही. आणि चप्पल घालताना घट्ट वाटली तर त्याच दिवशी इकडे यायचं. सुजेची खूण म्हणून चप्पल माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हती. महिन्याभरात त्याचे पाय उतरले. दिवाळीला तो आम्हाला फुकट नावेतून फिरवायला आला तेव्हा काकांनी मला त्याच्या शेजारी बसवलं आणि त्याला म्हणाले, "हिलाच अर्धांगवायू सांग आता."

आजार सांगायच्या आधी त्यांचा आणखी एक प्रश्न असायचा. "पावशेर, अर्धा शेर की पुरा शेर?" समोरच्या दुधाच्या दुकानात लिटर येऊन जमाना झाला होता, पण काकांचं माप शेराचंच. म्हणजे, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय? काही लोक छातीठोक पुरा शेर मागायचे आणि अर्ध्यावर म्हणायचे, बस बस डाक्टर बाबू, इतनाही ठीक है. एक आजी पावशेर म्हणाल्या आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या, "अर्धा कर रे." मुलं येऊन कानात सांगायची, वडलांना काही कळू देऊ नका. काका त्यांच्यादेखत वडलांना विचारायचे, "तुमचा मुलगा पावशेरही देऊ नको म्हणतोय. तुमचं काय म्हणणं?"

सगळं सांगून झालं की खुर्ची बदलायची. काका उठून पेशंटच्या स्टुलावर बसायचे, पेशंटला आपल्या खुर्चीत बसवायचे आणि म्हणायचे, "आता मी बीमार. मला सांगा, काय झालंय आणि काय करू." मग तो माणूस डॉक्टर होऊन त्यांना सगळं सांगायचा. सांगताना कुठे अडखळला की काकांना कळायचं, आपण कुठे कमी पडलो ते. साठीच्या म्हाताऱ्या त्या खुर्चीत बसल्या की काकांना असं काही झापायच्या, की बाहेरचा सांडही मान वळवून बघायचा.

एक गुरुजी होते, वेदपाठी, साखर भरपूर वाढलेली. पितृपक्षात त्यांना रोज दोन-दोन घरी श्राद्धाचं जेवण असायचं, आणि ताटावर बसून नाही म्हणायचं म्हणजे पितरांचा अपमान. चिठ्ठी दिली तरी गुरुजी पाळणार नाहीत हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी उपाय काढला. एका दिवशी एकच पान, दुसऱ्या घरी शिधा घ्यायचा, तोही शास्त्राला धरूनच. गुरुजींनी हो-हो केलं. तेव्हा काकांनी तांब्या मागवला, गुरुजींच्या उजव्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अद्यारभ्य पितृपक्षे द्वितीयं भोजनं न करिष्ये. म्हणा." गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं. पाणी सोडलं, आणि मग लक्षात आलं काय झालं ते. "फसवलंत हो डॉक्टर!" म्हणून ते जे ओरडले! संकल्प मोडता येईना. त्या वर्षी पितृपक्षानंतर त्यांची साखर प्रथमच आटोक्यात राहिली, आणि नवरात्रात ते काकांशी बोलत नव्हते.

आता माझी चूक.

तिसऱ्या वर्षी मला वाटलं की हे सगळं फार गोड आहे, पण दवाखाना असा चालत नाही. बाकावर माणसं तिष्ठत बसतात, दोघीतिघी न तपासताच परत जातात. मी मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी यांची सुरेख माहितीपत्रकं लिहिली, मराठीत आणि हिंदीत, आणि नवऱ्याच्या ओळखीच्या छापखान्यातून गठ्ठाभर छापून आणली. वर मजबूत कागद, महत्त्वाचं ठळक अक्षरात. काकांनी एक उचललं, नीट वाचलं. चूक एकही नव्हती. मग त्यांनी अंगठा कागदावर इकडून तिकडे फिरवला. "यात नावच नाही. अंगठा कुठे ठेवू?" म्हणाले, आणि पत्रक परत गठ्ठ्यावर ठेवलं. मला वाटलं, म्हातारपण. दुसरं काय?

त्या श्रावणाच्या शेवटी ते भाचीच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी इंदूरला गेले होते. मंगला गौरीच्या देवळापाशी राहणाऱ्या कमलमावशी आल्या. साखर वाढलेली. बाकावर गर्दी. मी त्यांना साखर उतरवणारी गोळी लिहून दिली, मधुमेहाचं पत्रक दिलं, वाचूनही दाखवलं. 'गोळी रोज सकाळी घ्यावी. चुकवू नये.' ठळक अक्षरात. मावशी खूश झाल्या, म्हणाल्या, "किती साफ छापलंय गं."

काका परत आले, आणि दोन दिवसांनी हरतालिका होती. दुपारी मावशींची सून धावत आली, ओल्या केसांनी, चपलाही नव्हत्या पायात. नदी चढलेली, खालचे घाट पाण्याखाली, त्यामुळे सगळी रहदारी गल्ल्यांतून. सत्तरी उलटलेले काका त्या गर्दीतून माझ्यापुढे पळत होते. मावशी पूजेच्या पाटाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. घामाने चिंब. सुनेला त्या आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. साखर पार खाली गेलेली. त्यांनी गोळी चुकवली नव्हती. पहाटे उठून, न विसरता, पाण्याशिवाय गिळली होती, आणि नंतर दिवसभर तोंडात काही घातलं नव्हतं.

सुनेने साखरेचं पाणी ओठांना लावलं तर मावशींनी दात आवळले. शुद्ध धड नव्हती, पण तेवढं कळत होतं. "उपास आहे माझा. निर्जळी."

काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "माहीत आहे मला. मोडायचा नाही. हात इकडे कर. शिरेतून दिलेलं तोंडाला लागत नाही, हरतालिकेला चालतं."

"कुठे लिहिलंय?" मावशींनी त्याही अवस्थेत विचारलं.

"मी लिहून देतो."

मावशींनी हात पुढे केला. ग्लुकोज गेलं, दहा मिनिटांत त्यांनी सुनेला तिच्या नावाने हाक मारली आणि अशी विस्कटलेली का आलीस म्हणून रागावल्या. आणि काकांनी खरंच लिहून दिलं, 'शिरेतून घेतलेले ग्लुकोज उपासास चालते,' खाली सही.

परतताना पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत मी एका भिंतीला टेकून रडले. भर दुपारी, लोकांच्या येण्याजाण्यात. माझ्या छापील कागदाने एक बाई मेली असती. काका थांबून राहिले. मला वाटलं काही बरं बोलतील. ते म्हणाले, "हरतालिकेला गोळी घेऊ नये, एवढं एकच वाक्य. कागद मोठा होता की. जागा होती." मग खिशातून रुमाल काढून दिला, तोही निळ्या डागांचा.

त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा तो गठ्ठा टेबलावर घेतला, आणि तेव्हापासून आमच्या सगळ्या चिठ्ठ्या त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर जाऊ लागल्या. कागद फुकट घालवायचा नाही, एवढंच कारण सांगितलं. वर्षानुवर्षं पुरला तो. प्रत्येक वेळी लिहायला कागद उलटा केला की मला ते ठळक 'चुकवू नये' दिसायचं. म्हातारा भारी होता.

काका वाळायला लागले ते गेल्या श्रावणात. आधी मला वाटलं उन्हाळ्याचा परिणाम असेल. काकूंच्या आधी लक्षात आलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, दवाखान्याच्या वर राहायच्या, खाली फारशा यायच्या नाहीत. एके सकाळी जिन्यावरून मला म्हणाल्या, "सकाळची जिलबी ह्यांनी ताटात सोडली." पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. नवरात्रात एक जाड पाकीट आलं.

त्या दिवशी दवाखाना आटोपल्यावर काकांनी ते पाकीट माझ्यापुढे ठेवलं. चिकटवलेलं तसंच होतं.

"उघडलं नाहीत?"

"ते तू वाच. आणि माझी चिठ्ठी लिही."

"किती?" मी विचारलं. तोंडातून सवयीने गेलं. डॉक्टर माणूस, पुरा शेर म्हणणार याची मला खात्री होती.

"पावशेर."

"काका, तुम्ही पावशेर?"

"का? मला आजवर कोणी विचारलं होतं?" ते म्हणाले, आणि पेनचं टोपण शोधू लागले.

पाकीट मी घरी जाऊन उघडलं. स्वादुपिंड, आणि तिथून पसरलेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दिवाळी बहुतेक बघतील, त्यापुढचं काही सांगू नका. सकाळी मी दवाखान्यात शिरायच्या आधीच काकूंनी जिन्यावरून हाक मारली. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. "ह्यांनी पावशेर मागितलं ना? मला पुरा शेर सांग. सगळं."

मी सगळं सांगितलं. काकूंचा हात थांबला नाही. जुडी संपली तेव्हा म्हणाल्या, "मग फराळ लवकर करायला घेते." आणि पदराने डोळे पुसून भाजी धुवायला उठल्या.

चिठ्ठी मी तीनदा लिहिली. स्वयंपाकघरात बसून, भर दुपारी, दार लावून घेऊन. प्रत्येक वेळी नावावर स्वतःचा अंगठा ठेवून वाचायची, आणि प्रत्येक वेळी ती त्या आजाराच्या कुठल्याही म्हाताऱ्याची निघायची. हलका आहार घ्यावा. विश्रांती घ्यावी. मन प्रसन्न ठेवावे. तिन्ही फाडल्या. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. हा माणूस जाणार होता, आणि जायच्या आधी त्याच्यापुढे मी 'कोणाचीही' चिठ्ठी ठेवणार होते. चौथी लिहिली ती अशी:

'तुमचं पोट आता पूर्वीसारखं काम करणार नाही. म्हणून सकाळची कचोरी अर्धी. जिलबी वेगळी घ्यायची नाही, काकूंच्या ताटातली एक.

दवाखाना मंगळवारी आणि शुक्रवारी. एका पेशंटला अर्धा तास देऊ नका असं तुम्हाला सांगून उपयोग नाही, म्हणून पेशंट चारच. बाकीच्यांना मी घालवीन. शिव्या मी खाईन.

संध्याकाळी अमृतराव घाटावर जा, पण पायऱ्या उतरायच्या नाहीत. वरून नदी तीच दिसते. रामधनीला सांगितलंय, तो वर येऊन गप्पा मारेल.

दुखेल. सोसून दाखवू नका, इथे कोणी परीक्षक नाही. गोळ्या पंचांगाखाली ठेवल्या आहेत. एकीने भागलं नाही तर काकूंना हाक मारा, काकू मला हाक मारतील. वेळ बघायची नाही.

दिवाळीला अभ्यंगस्नान बसून. उटणं काकू लावतील. चकली एक, चहात बुडवून.

हे पेन बदला.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पेशंटच्या स्टुलावर बसले. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सुटी-सुटी दिसत होती. चिठ्ठी घेतली. नावावर अंगठा ठेवला. मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले, शाळेतल्या पोरीसारखी. त्यांनी सावकाश वाचली. पेनापाशी येऊन हुं केलं. मग कागद उलटा केला, माझं छापील पत्रक बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"देवदिवाळीचं काही लिहिलं नाहीस," ते म्हणाले.

देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. त्या दिवशी काशीचे सगळे घाट दिव्यांनी उजळतात. काकांनी ती जन्मात कधी चुकवली नव्हती.

"तुम्ही पावशेर मागितलंत," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. "बरोबर. पावशेरच आहे." दारातला सांड उठून निघून गेला तोही आवाज ऐकू आला. "तिला पुरा दिलास ना?"

"हो."

"ठीक केलंस. घरात एकाला तरी असावा." मग ते उठले. "चल. खुर्ची बदल."

मी स्टुलावर आले. ते त्यांच्या जुन्या खुर्चीत बसले, पुढे वाकले, आणि पेशंटशी बोलायचा त्यांचा तो खास आवाज लावून मला म्हणाले, "बाई, नीट ऐका. तुमचं पोट बिघडलंय. ते काही दुरुस्त व्हायचं नाही. दुखेल, पण गोळ्या आहेत, डॉक्टरीण चांगली आहे, हाक मारली की येते. कचोरी अर्धी. घाटावर वरूनच. दिवाळी मजेत करा. पुढचं पुढे. आणि परेशान होऊ नका. आराम से."

मी स्टुलावर बसून ढसाढसा रडत होते. त्यांनी रुमाल काढून दिला. आजारी ते होते आणि धीर मला दिला जात होता, याची मला आजही लाज वाटते, आणि आजही तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मी काय वाटेल ते देईन. चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. पण बरी आहे असंही म्हणाले नाहीत. घडी घालून पंचांगात ठेवली, एवढंच.

दिवाळी झाली. चकली त्यांनी दोन खाल्ल्या. काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं, म्हणून मी गप्प बसले. भाऊबीज झाली. ते अंथरुणाला लागले, पण रोज सकाळी डोळे उघडून विचारायचे, "तिथी कोणती?" काकू सांगायच्या. दशमी. एकादशी. त्या एकादशीला त्यांनी उपास धरू का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र काकू ओरडल्या.

पौर्णिमेला रामधनी आणि त्याचे दोन भाऊ आले. त्यांनी काकांना खुर्चीसकट उचललं आणि एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर नेलं. खाली पंचगंगेपासून पुढे नजर जाईल तिथवर दिवे. उंच बांबूंवर आकाशदिव्यांच्या टोपल्या हलत होत्या. काकू त्यांच्या गुडघ्यांवर शाल धरून उभ्या होत्या. काका तासभर दिवे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून नुसते हसले, एखाद्या पोराने खोडी काढून हसावं तसे. मला वाटलं, दिवे बघून हसले.

पाचव्या दिवशी ते गेले. दुपारी, काकूंचा हात धरून, फार न दुखता.

तेरावं झाल्यावर काकूंनी मला वर बोलावलं आणि पंचांग हातात दिलं. "तुझं आहे म्हणाले होते." मी जिन्यात बसूनच उघडलं. चिठ्ठी कार्तिक पौर्णिमेच्या पानात होती. वर जिथे मी त्यांचं नाव लिहिलं होतं तिथे शाईच्या अंगठ्याचा डाग पडून नाव पार पुसलं गेलं होतं. पेन काही बदललेलं दिसत नव्हतं. तळाशी थरथरत्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं,

'देवदिवाळी पाहिली. डॉक्टरीणबाई, चुकलीस. फाडावी.'

माझ्या शेकडो चिठ्ठ्या ज्याने माझ्यासमोर फाडल्या, त्याने ही एक फाडायचं माझ्यावर सोडलं होतं. मी नाव झाकलेला तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, कचोरीपासून पेनापर्यंत. मग चिठ्ठी घडी घालून होती त्याच पानात ठेवली.